सरांच्या नावाचा चौक नको, सरांचा तास हवा

एखादा संगीतशिक्षक गेला की शोकसभेत तीन सूचना हमखास येतात. चौकाला नाव द्यावं, त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू करावा, दरवर्षी पुण्यतिथीला एखाद्या नामवंत गायकाची मैफल ठेवावी. आमचे सर गेले तेव्हाही त्या आल्या. सुचवणारे सगळे सरांचेच विद्यार्थी होते आणि त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सभा संपायच्या आत वर्गणीची यादी फिरली आणि लोकांनी हात आखडता न घेता आकडे लिहिले. तरीही या तिन्ही सूचना मला मान्य नाहीत.

नाशिकच्या ज्या मराठी शाळेत सरांनी उमेदीची सगळी वर्षं गाणं शिकवलं, तिथे ते निवृत्त झाल्यापासून संगीताचा शिक्षक नाही. पद भरलंच गेलं नाही. संगीताच्या खोलीत आता जुने बाक आणि निवडणुकीच्या पेट्यांचं सामान असतं. परिपाठाला प्रार्थना, राष्ट्रगीत, राज्यगीत सगळं होतं, पण ते पेन ड्राइव्ह लावून, ध्वनिक्षेपकावर. मुलं रांगेत सरळ उभी राहतात, पुढच्या दोन-चार रांगा ओठ हलवतात, मागच्या नुसत्या ऐकतात. त्या शाळेबाहेरच्या चौकाला सरांचं नाव देऊन आपण सरांची आठवण ठेवली, असं मला म्हणवत नाही. सरांचं स्मारक करायचं असेल तर त्यांच्या जागी दुसरा शिक्षक उभा करावा आणि जमलेल्या वर्गणीतला प्रत्येक रुपया त्यासाठी जावा, असं माझं म्हणणं आहे.

सर स्वतः चांगले गात. पण गायक म्हणून त्यांना नाशिकबाहेर कुणी ओळखत नव्हतं आणि त्यांनी त्याची कधी खंतही केली नाही. त्यांचं काम वृंदगान बसवण्याचं. शाळेत ते करत, आणि संध्याकाळी गावातल्या हौशी मंडळींचं वृंदही चालवत. ते गाणं कसं बसवत हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुरस्काराच्या मानपत्रात हे कधीच येत नाही.

नवं गाणं घेतलं की सुरुवातीला पेटीचा भाता उघडतच नसे. फळ्यावर शब्द लिहायचे आणि सगळ्यांनी ते ठेक्यात नुसते म्हणायचे. ‘ळ’ चा ‘ल’ झाला, ‘ण’ चा ‘न’ झाला की सर थांबवत. मग चाल. मग पट्टी, म्हणजे सूर किती उंच धरायचा ते. पेटीची काळी चार धरायची की काळी दोनवर उतरायचं, हे ते समोरचा वर्ग ऐकून ठरवत. दोन तुकड्यांना तेच गाणं दोन वेगळ्या पट्ट्यांत शिकवलेलं मी पाहिलं आहे. त्यानंतर वह्यांमध्ये खुणा करायच्या. एका ओळीत दोन ठिकाणी बारीक टिंब: लाल टिंब डाव्या बाजूच्या मुलांनी श्वास घ्यायची जागा, निळं उजव्या बाजूच्यांची. दोन्ही बाजूंनी एकदम श्वास घ्यायचा नाही. त्यामुळे लांबलचक ओळसुद्धा कुठे तुटत नसे. ऐकणाऱ्याला वाटायचं, मुलांची छाती केवढी आहे! ओळीच्या शेवटी ‘त’ किंवा ‘न’ आला तर सरांचा उजवा हात वर जाई आणि अंगठा नि पहिलं बोट मिटे. साठ मुलांचा ‘न’ त्या क्षणी एकत्र मिटायचा. एखाद्याचा मागे राहिला तर पुन्हा पहिल्यापासून.

आठवी-नववीतल्या मुलांचा कंठ फुटायला लागतो. आवाज कधी वर, कधी खाली, मध्येच चिरकतो. बहुतेक मुलं याच वयात गाणं सोडतात, ती कायमची. आपण गाऊ शकत नाही अशी त्यांची समजूत होते आणि ती काढणारं कुणी भेटत नाही. सर अशा मुलांना मागच्या रांगेत एकत्र उभं करत आणि ध्रुवपदाखाली फक्त सा आणि त्याच्या खालचा प धरायला लावत. दोनच स्वर. पण त्या दोन स्वरांवर अख्खं गाणं उभं राहतंय, हे त्या मुलांना कानांनी कळायचं. मी त्या रांगेत उभा राहिलो आहे. चौदाव्या वर्षी आपल्या आवाजाची लाज वाटायच्या ऐवजी त्याचा उपयोग होतो आहे हे कळणं किती मोठं असतं, ते ज्याने अनुभवलं त्यालाच ठाऊक.

आणि कणसूर, म्हणजे सूर जरासा हुकणारं मूल. प्रत्येक वर्गात दोन-तीन असतातच. ‘तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव’ असं सांगणारे शिक्षक मी पुढे बरेच पाहिले. स्पर्धा जवळ आली की हे वाक्य फार सोपं पडतं. सर अशा मुलाला दोन पक्क्या सुरेल मुलांच्या मध्ये उभं करत. ‘अरे, आधी ऐक, मग लाव,’ एवढंच सांगत. काहींना वर्ष लागायचं, काहींचा सूर शेवटपर्यंत अर्धवटच राहिला. पण कुणालाही त्यांनी रांगेतून काढलं नाही. त्यांचा एक नियम आम्हा सगळ्यांना पाठ आहे: शेजारच्याचा आवाज ऐकू येत नसेल तर तू जास्त मोठ्याने गातो आहेस.

आता या माणसाच्या नावाने पुरस्कार द्यायचा, तर तो कुणाला देणार? एखाद्या उत्तम गायकाला. म्हणजे जे सरांनी केलं नाही त्याला सरांच्या नावाने दाद द्यायची. सरांच्या विद्यार्थ्यांपैकी संगीतात पुढे गेले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सातपूरच्या कारखान्यांत आहेत, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आहेत, कुणी दिंडोरीकडे द्राक्षं पिकवतं, कुणी रुग्णालयात परिचारिका आहे. त्यांना रागांची नावं कदाचित आठवणार नाहीत. पण चार जण जमले आणि शाळेतलं गाणं निघालं तर एक जण आपसूक खालचा स्वर धरतो. सरांनी गायक घडवले असं शोकसभेत जो तो म्हणत होता. ते खरं आहे, पण थोडं आहे. ज्यांचा गाण्याशी पुढे काही संबंध येणार नव्हता, त्यांना सरांनी गाण्यात जागा दिली, आणि हे काम खाजगी क्लास करत नाही, मैफल करत नाही, शाळाच करू शकते.

नाशिकला हे सांगायची वेळ यावी याचं मला जास्त वाईट वाटतं. विष्णु दिगंबर पलुस्करांचा अखेरचा काळ या गावाशी जोडलेला आहे. 1920 च्या दशकात त्यांनी इथे रामनाम आधार आश्रम चालवला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, 1921 मध्ये नाशिकलाच जन्मले. विष्णु दिगंबरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळत शिकायची गोष्ट होती. त्यांनी वर्ग भरवला, क्रम ठरवला, स्वरलिपी केली, लहान मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’ सारखी पुस्तकं छापली. 1908 मध्ये मुंबईला शाखा आली, पुढे मोठी वास्तू झाली, आणि तीच वास्तू कर्जापायी गेली. इथे थांबून विचार करावा. वास्तू गेली तेव्हा मागे काय राहिलं? त्यांचे शिष्य: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. यांतल्या बहुतेकांनी स्वतः शाळा काढून शिकवायला सुरुवात केली. पलुस्कर 1931 मध्ये गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या ज्या परीक्षांना आपली मुलं आज बसतात, त्या या मंडळाच्या. शिष्यांनी गुरूचा पुतळा आधी उभारला नाही, वर्ग उभारला. आमच्या सरांची पलुस्करांशी तुलना मी करत नाही, सरांना ती आवडलीही नसती. पण शिक्षकाची आठवण कशी ठेवतात याचा धडा याच गावाच्या इतिहासात आहे, आणि तो गिरवायला लांब जावं लागत नाही.

एकत्र गाण्याचं म्हणाल तर नाशिकइतकी त्याची सवय असलेली गावं थोडी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरकडे दिंड्या निघतात, त्यातल्या कितीतरी नाशकातून जातात. टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटचा माणूससुद्धा पदाच्या शेवटच्या अक्षराला बरोबर येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या मित्रमेळा या सावरकरांच्या क्रांतिकारी संघटनेची पदं गणेशोत्सवात समूहाने म्हटली जात, आणि ती लिहिणारे कवी गोविंद पायांनी अधू होते, गावातली पोरं त्यांचे शब्द घेऊन हिंडत. या गाण्यांची सरकारला धास्ती होती. 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती देशभक्तीच्या कविता छापल्याबद्दल. शरणपूरला ख्रिस्ती समाजाची वस्ती झाली तिथे चर्चमधला क्वायर आला. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी चर्चसाठी अभंगाच्या, भजनाच्या वळणाची गीतं लिहिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्याच. दुसरा स्वर लावायची कल्पना आपण नाताळात शरणपूरला ऐकलेल्या गाण्यांवरून घेतली, असं सर मोकळेपणाने सांगत. वारकऱ्यांचा खर्ज आणि क्वायरचा दुसरा आवाज असं दोन्ही त्यांच्या वृंदात होतं, आणि ते बाहेरून आणलेलं कुणाला वाटत नसे, कारण दोन्ही गावातलंच होतं.

‘आजच्या मुलांना असलं काही नको असतं,’ असं म्हणणाऱ्यांना मी नाशिक ढोल दाखवतो. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे पोरं-पोरी नोकरी, कॉलेज सांभाळून संध्याकाळी मैदानावर सरावाला येतात. कमरेला जड ढोल, खांदे भरून आलेले, पावसाची रिपरिप, आणि पथकप्रमुखाच्या एका इशाऱ्यावर शे-दीडशे टिपरू एकदम थांबतात. यांना कुणी गुण देत नाही. एकत्र काहीतरी नेमकेपणाने करण्याची भूक या वयात किती मोठी असते, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा? ढोलाला ती जागा मिळाली कारण शिकवणारा माणूस, जागा आणि ठरलेली वेळ या तिन्ही गोष्टी आहेत. गाण्याला शाळेत याच तीन गोष्टी हव्यात. यातल्या दोन आजही आहेत.

माणूस का नाही, हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण मुख्याध्यापकांवर राग काढत बसू आणि त्यांच्या हातात फारसं काही नसतं. अनुदानित शाळेत शिक्षक किती हे संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांच्या पदांना मिळणाऱ्या सरकारी मंजुरीत, पटावरून ठरतं. भाषा, गणित, विज्ञान यांची गरज तिथे आधी भागवली जाते. संगीताचा शिक्षक निवृत्त झाला की ती जागा निमूट मिटते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पट शंभरापेक्षा जास्त असेल तर, कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलं आहे. म्हणजे कायद्याने दार अगदीच बंद केलेलं नाही. पण ‘कला’ या एका शब्दात चित्रकला, गायन, वादन, नृत्य, नाट्य सगळं येतं, आणि एकच माणूस मिळाला तर तो बहुधा चित्रकलेचा असतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विषय आणि सहशालेय उपक्रम यांच्यातली भिंत काढायची असं ठरवलं. धोरणाचा हेतू चांगला आहे, मला तो मनापासून पटतो. भिंत काढल्यावर पलीकडे उभा असलेला शिक्षक मात्र कुणीतरी नेमावा लागतो.

2023 मध्ये राज्यगीत आलं आणि शाळांत रोजच्या परिपाठात ते घ्यायचं ठरलं. मला त्याचा आनंद झाला होता, आजही आहे. लाखो मुलांनी रोज एक गाणं एकत्र म्हणायचं, ही केवढी मोठी संधी! पण गाणं म्हणायला लावणं आणि गायला शिकवणं यांत फरक आहे. ध्वनिमुद्रण मोठ्या माणसाच्या पट्टीत असतं. पाचवीच्या मुलीला ते जड जातं आणि नववीच्या मुलाला ते कुठून धरावं कळत नाही. त्यातून मुलं एक तर ओरडतात किंवा पुटपुटतात. पेन ड्राइव्हला पट्टी उतरवता येत नाही आणि मागच्या रांगेतला घोगरा आवाज ऐकू येत नाही. सर असते तर पहिल्याच आठवड्यात त्या गाण्यासाठी तीन पट्ट्या करून पाहिल्या असत्या.

आता दोन आक्षेप, जे मला प्रत्यक्ष ऐकवले गेले.

पहिला, की कॉलेज रोड-गंगापूर रोडला गाण्याचे क्लास भरपूर आहेत, ज्याला आवड आहे तो जातो. जातो ना. ज्याच्या घरात ती आवड आधीच आहे आणि फी परवडते, तो जातो. क्लासमध्ये मूल एकटं गातं, परीक्षा एकट्याची असते, आणि दहावीला शास्त्रीय कलेचे सवलतीचे गुण मिळतात तेही एकट्यालाच. यात गैर काही नाही. पण कंठ फुटलेला, कणसूर, गाण्याचं घरात वारं नसलेला मुलगा क्लासच्या पायऱ्या चढत नाही. त्याला गाणं भेटतं ते वेळापत्रकात तास आहे म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि मी तो हलक्याने घेत नाही. शाळेत सगळ्यांनी मिळून गायचं तर कोणती गाणी? भद्रकालीतली मुसलमान मुलं, शरणपूरची ख्रिस्ती, बौद्ध घरांतली मुलं एका रांगेत आहेत. सामूहिक गाण्याच्या नावाखाली कुणाला आपलं नसलेलं म्हणायला लावणं हा अन्याय आहे, आणि असं होतं हेही खरं आहे. सरांची वही याबाबतीत फार विचाराने भरलेली होती: पावसाची गाणी, कामाची गाणी, संतांची माणुसकीची पदं, दुसऱ्या प्रांतांतली दोन-तीन भाषांतली गाणी. एखाद्या घरातून हरकत आली तर ते त्या घरी जाऊन बसत, समजून घेत, आणि कधी कधी गाणं बदलत. एक गाणं बदललं म्हणून त्यांना आपली हार झाल्यासारखं वाटत नसे. हा विवेक यंत्रात घालता येत नाही आणि परिपत्रकातही लिहिता येत नाही. योग्य माणूस नेमणं हेच त्याचं उत्तर आहे, आणि म्हणूनच मी सारखा माणसाकडे येतो आहे.

मैफलीला माझा विरोध नाही. कालिदास कलामंदिरात चांगलं गाणं असलं की सर पहिल्या रांगांमागे कुठेतरी बसलेले असत. पण एका संध्याकाळचं मानधन, सभागृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, फलक, हार हा सगळा खर्च धरला तर त्यात एका अंशकालीन शिक्षकाचं कितीतरी महिन्यांचं मानधन निघतं. चार शाळांनी मिळून एक शिक्षक घेतला तर भार आणखी हलका होतो: आठवड्यातले दोन दिवस एका शाळेत, एक-एक दिवस इतरांत. महापालिकेच्या शाळांनाही यात घ्यावं. तिथल्या मुलांना याची गरज सगळ्यांत जास्त आहे. ज्यांनी विशारद केलं आहे आणि आज मिळेल ती कामं करत आहेत अशी तरुण मंडळी नाशकात आहेत, त्यांना सन्मानाने विचारावं. ‘सेवा म्हणून करा’ असं मात्र कुणी सांगू नये. आमच्या सरांना हे आयुष्यभर सांगितलं गेलं. त्यांचा तास दहावीच्या गणिताला गेला, ऑफ तासांना तेच उभे राहिले, जनगणना आणि मतदारयाद्या त्यांच्याच वाट्याला आल्या, आणि गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस सगळ्यांना त्यांची आठवण झाली. त्यांनी तक्रार केली नाही म्हणून ते योग्य ठरत नाही. पुढच्या माणसाला वेळेवर मानधन, कुलूप असलेली खोली, सुरात लावलेली पेटी आणि दुसऱ्या विषयाला न जाणारा तास मिळायलाच हवा.

वर्गणीच्या यादीवर माझंही नाव आहे. मी समितीला लेखी कळवलं आहे की माझी रक्कम शिक्षकाच्या मानधनासाठी असेल तरच वापरावी, आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी तसंच कळवलं आहे. शाळेचं नवं वेळापत्रक जूनच्या आधी लागतं. संस्थेकडे अर्ज, खोली रिकामी करून घेणं, शिक्षकाची निवड, सगळं एप्रिलच्या आत झालं पाहिजे. भाता फाटलेली पेटी दुरुस्त करून द्यायला एक जुना विद्यार्थी तयार आहे. सरांच्या वह्या त्यांच्या घरी आहेत, लाल-निळ्या टिंबांसकट, आणि नव्या शिक्षकाला त्या वापरायला द्यायला घरच्यांची हरकत नाही, हे मी विचारून घेतलं आहे. चौकाच्या नावाचा ठराव मंजूर करून घ्यायला जेवढ्या खेपा माराव्या लागतील, तेवढ्याच खेपांत हे होऊ शकतं.